भूल देताना वय का विचारतात?

(काष्टी, ता. श्रीगोंदा येथे एका भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. प्रश्नोत्तरांतली काही निवडक शेवटी दिली आहेत.)

मागे आवाज पोचतोय ना? जे कडेला उभे आहेत त्यांनी पुढे या, सतरंजीवर भरपूर जागा आहे.

आज शनिवार नाही हे एक बरं केलंत. शनिवारी काष्टीत व्याख्यान ठेवलं असतं तर मी आणि माईकवाले दादा, दोघंच असतो. सगळं गाव बाजारात. तर त्या बाजारापासूनच सुरुवात करते. बैल घ्यायला गेल्यावर तुम्ही पहिलं काय करता? जबडा उघडून दात बघता. आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे, की जुळलेला आहे. मालक वय काय सांगतो ते तुम्ही ऐकून घेता, पण विश्वास दातांवर ठेवता. माणसाच्या बाबतीत मात्र आम्ही डॉक्टर लोक उलटं करतो. कागदावर जे वय असेल ते मुकाट्याने लिहून घेतो. आणि कागदावर काय असतं? या सभेत ज्यांचा वाढदिवस १ जूनला येतो त्यांनी जरा हात वर करा. (हशा) बघा! शाळेत घालताना गुरुजींनी जी तारीख टाकली तीच जन्मतारीख. वर्षसुद्धा पुष्कळदा गुरुजींच्याच अंदाजाचं.

मी गेली बरीच वर्षं भूल देण्याचं काम करते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी पेशंटला भेटते तेव्हा पहिला प्रश्न वयाचा असतो आणि घरच्यांना तो नुसता फॉर्म भरायचा प्रश्न वाटतो. तो तसा नाही. का नाही, ते सांगायला मी आले आहे. पूर्ण भूल म्हणजे बरीच औषधं असतात. त्यातल्या एकाच गटाबद्दल आज बोलू : स्नायू सैल करणारी औषधं. आम्ही त्यांना मसल रिलॅक्सन्ट म्हणतो.

पूर्ण भुलीत तीन गोष्टी साधायच्या असतात. माणूस झोपला पाहिजे. त्याला दुखता कामा नये. आणि पोटाचं, छातीचं ऑपरेशन असेल तर त्याचे स्नायू सैल पडले पाहिजेत. झोप एका औषधाने येते, दुखणं दुसऱ्याने थांबतं आणि स्नायू तिसऱ्याने सैल होतात. हे तिसरं औषध झोप आणत नाही, वेदनाही थांबवत नाही. ते फक्त अंगातली ताकद काढून घेतं. हात, पाय, पोट, मान, घसा आणि श्वासाचा पडदा, सगळ्यांची. म्हणून ते दिलं की श्वासनळीत नळी घालून मशीनने श्वास द्यावा लागतो.

हे कसं होतं ते तुम्हाला समजावणं शहरातल्यापेक्षा सोपं आहे, कारण साप चावलेला माणूस तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलाय. नाग किंवा मण्यार चावली की आधी पापण्या जड होतात. मग बोलणं अडखळतं, थुंकी गिळता येत नाही, मान धरवत नाही आणि शेवटी श्वास बंद पडतो. हृदय मात्र चालू असतं. पुष्कळदा तो माणूस शुद्धीवर असतो, आजूबाजूचं बोलणं त्याला ऐकू येत असतं. मेंदूकडून निघालेला निरोप नसेतून स्नायूपर्यंत येतो, तिथे असिटाइलकोलीन नावाचं रसायन सुटतं, ते स्नायूवरच्या ठराविक खाचांमध्ये जाऊन बसतं आणि स्नायू आखडतो. नागाच्या विषातला घटक नेमका त्या खाचांमध्ये आधीच जाऊन बसतो. निरोप दारापर्यंत येतो, पण आत शिरायला जागा नसते. (मण्यारीचं विष वेगळ्या वाटेने जातं, ते मुख्यतः नसेचं टोकच बिघडवतं. पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.)

आमची बहुतेक रिलॅक्सन्ट नागासारखी वागतात. त्यांचं मूळपण विषातच आहे. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाच्या टोकाला लावायचे ते कुरारे, एका वेलीपासून बनवलेलं. १८१४ साली लंडनमध्ये चार्ल्स वॉटर्टन आणि त्याच्या डॉक्टर मित्रांनी एका गाढविणीला ते टोचलं. ती कोसळली, श्वास थांबला. तेव्हा त्यांनी तिच्या श्वासनळीला छेद देऊन लोहाराच्या भात्यासारख्या भात्याने हवा भरायला सुरुवात केली. काही तास भाता चालू ठेवला, विषाचा असर ओसरला आणि गाढवीण उठून उभी राहिली. पुढे ती पंचवीस वर्षं जगली. आमची सगळी विद्या त्या गोष्टीत आलेली आहे. विष ओसरेपर्यंत भाता चालू ठेवायचा. ओसरायच्या आत भाता थांबवला तर जनावर जातं.

माणसाच्या भुलीत हे औषध यायला मात्र १९४२ साल उजाडलं. २३ जानेवारीला कॅनडातल्या माँट्रियलमध्ये हॅरोल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या ऑपरेशनमध्ये ते वापरलं. त्याच्या आधी पोट सैल पडावं म्हणून पेशंटला खूप खोल भूल द्यावी लागायची आणि त्या खोल भुलीत म्हातारी माणसं दगावायची. म्हणजे हे औषध आलं तेच मुळात नाजूक माणसांना सोयीचं म्हणून.

आता मुद्द्याकडे येते. तुमच्या मनात एक साधा हिशोब असेल. लहान मुलाला कमी औषध, मोठ्याला जास्त, म्हाताऱ्याला पुन्हा कमी. बरोबर? झोपेच्या औषधांना हा हिशोब बऱ्यापैकी लागू पडतो. चाळिशीनंतर भुलीचा वायू दर दहा वर्षांनी थोडा थोडा कमी लागत जातो. पण स्नायूंच्या औषधाला हा हिशोब लावला की घोटाळा होतो. इथे वय पहिल्या डोसात फारसं दिसत नाही. ते दिसतं औषध उतरायला किती वेळ लागतो त्यात.

आधी बाळांचं बघू. तीन किलोचं नवजात बाळ. त्याच्या नस आणि स्नायूचा सांधा अजून कच्चा असतो, निरोपाचं रसायनही साठ्यात कमी. त्यामुळे रक्तात थोडं औषध असलं तरी स्नायू लुळा पडतो. मग डोस कमी लागायला हवा ना? पण बाळाच्या अंगात पाणी फार. पेशींच्या बाहेरचं पाणी मोठ्या माणसात वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा असतं, नवजात बाळात चाळीस टक्क्यांच्या आसपास. आणि ही औषधं त्याच पाण्यात पसरतात. मोठ्या घागरीत तेवढीच साखर टाकली तर सरबत पातळ होतं, तसं. एकीकडे थोड्यात भागतं, दुसरीकडे पातळ होऊन जातं. दोन्ही एकमेकांना कापतात आणि किलोमागे डोस जवळजवळ मोठ्यांइतकाच निघतो. सक्सिनिलकोलीन नावाचं जे झटपट औषध आहे त्यात तर उलटंच होतं. मोठ्या माणसाला किलोमागे साधारण १ मिलिग्रॅम आणि तान्ह्याला २. साठ किलोच्या माणसाला ६० मिलिग्रॅम, तीन किलोच्या बाळाला ६. एकूण औषध अर्थातच कमी, पण किलोमागे दुप्पट. हे पहिल्यांदा शिकले तेव्हा मला स्वतःला खरं वाटलं नव्हतं.

पण डोस सारखा निघाला म्हणून बाळ मोठ्यांसारखं वागतं असं नाही. त्याचं यकृत आणि मूत्रपिंड कच्चं असतं, त्यामुळे औषध रेंगाळतं. व्हेक्युरोनियम म्हणून एक औषध आहे, आपल्याकडे फार वापरलं जातं, कारण पावडरच्या कुपीत येतं आणि भारनियमनात फ्रीज बंद पडला तरी चिंता नसते. ते मोठ्या माणसात मध्यम पल्ल्याचं औषध, पण वर्षाच्या आतल्या बाळात लांब पल्ल्याचं होऊन बसतं. शिवाय बाळाच्या श्वासाच्या पडद्यात न थकणारे तंतू कमी असतात. थोडं जरी औषध शिल्लक राहिलं तरी बाळ दमतं.

मग दोन ते दहा-अकरा वर्षांची पोरं. ही मंडळी औषधाला सगळ्यात दाद न देणारी. अंगात स्नायू भरपूर, रक्ताभिसरण जोरात, यकृत तयार झालेलं. यांना किलोमागे थोडं जास्त लागतं, लवकर चढतं आणि लवकर उतरतं. आई बाहेर विचारते, एवढ्याशा जिवाला परत डोस दिला का? हो, द्यावा लागतो, कारण पहिला उतरलेला असतो.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र आईवडिलांकडूनच आम्हाला कळू शकते. सक्सिनिलकोलीन हे औषध मुलांना आम्ही आता नेहमीच्या ऑपरेशनला टाळतो, जीव वाचवायची घाई असेल तेव्हाच वापरतो. कारण काही मुलग्यांना स्नायू झिजत जाण्याचा आनुवंशिक आजार असतो, ड्यूशेन नावाचा, आणि पहिली काही वर्षं तो कोणाच्या लक्षातच येत नाही. अशा मुलाला हे औषध दिलं तर स्नायूंमधलं पोटॅशियम एकदम रक्तात येतं आणि हृदय थांबू शकतं. म्हणून आम्ही विचारतो : मुलगा उशिरा चालायला लागला का? खाली बसलेला उठताना मांड्यांवर हात टेकत टेकत उठतो का? पोटऱ्या फार जाड दिसतात का? आणि त्याच्या मामाला लहानपणी असं काही होतं का? मामाच का, तर हा आजार आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला सहसा त्रास नसतो, तिच्या भावात मात्र तो दिसू शकतो. पुष्कळ घरांत मामा 'लहानपणीच गेला' एवढंच माहीत असतं. तेवढं जरी सांगितलंत तरी भूलतज्ज्ञ सावध होतो.

आता म्हातारी माणसं. इथे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण आपल्या भागात चूक इथे जास्त होते. माझ्याकडूनही झालेली आहे.

२००८ सालची गोष्ट. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, ते महत्त्वाचं नाही, चूक माझी होती. रात्री एक आजी आल्या, जठराला छिद्र पडलेलं, पोट फळीसारखं कडक. ऑपरेशन लगेच करायचं होतं. रेशनकार्डावर वय ५५. वजन ४२ किलो. मी वय ५५ लिहिलं. व्हेक्युरोनियम दिलं, नळी घातली, ऑपरेशन सुरू झालं. तरुण पेशंटमध्ये दर पंचवीस-तीस मिनिटांनी थोडा वाढीव डोस द्यायची सवय हाताला असते. मी घड्याळ बघून तसेच देत गेले. शेवटी पोट शिवताना सर्जन म्हणाले, अजून घट्ट लागतंय. मी आणखी एक दिला. ऑपरेशन संपलं, उलट औषध दिलं, आजी श्वास घ्यायला लागल्या, हाक मारली तर डोळे किलकिले केले. मी नळी काढली.

दहा मिनिटांनी नर्सने बोलावलं. आजींची छाती नुसती हलत होती, हवा आत जात नव्हती. ओठ काळपट. पापण्या उघडत नव्हत्या. परत नळी घातली, पहाटेपर्यंत मशीनवर ठेवलं. वाचल्या. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "बाई, मला समदं ऐकू येत व्हतं, पण जीव गोळा करता येत नव्हता."

मग मी त्यांच्याशी बोलत बसले. आजी, बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही कुठे होता? म्हणाल्या, खडी फोडायला होते, आणि त्याच साली थोरलीचं लग्न केलं. थोरली तेव्हा केवढी? पंधरा-सोळाची. आता तुम्हीच हिशोब करा. बहात्तरला लेक सोळाची, म्हणजे तिचा जन्म छप्पनचा. आई तेव्हा अठराची धरली तर आईचा जन्म अडतीसचा. २००८ ला आजी सत्तरीच्या होत्या, पंचावन्नच्या नाही. हा हिशोब मी आदल्या रात्री दोन मिनिटांत करू शकले असते. केला नाही.

पंधरा वर्षांनी असा काय फरक पडतो?

पहिला फरक औषध पोचण्यात. म्हाताऱ्या माणसाचं हृदय सावकाश रक्त फेकतं. हातातल्या नसेत दिलेलं औषध स्नायूपर्यंत जायला वेळ लागतो. तुम्ही घोड-कुकडीच्या आवर्तनावर शेती करणारी माणसं, तुम्हाला हे सांगायला नको. हेडला गेट उघडलं तरी टेलच्या शेताला पाणी पोचायला उशीर. आता टेलवाल्याने ओरड केली म्हणून गेट आणखी वर उचललं तर? थोड्या वेळाने पाणी पोचतंच, आणि मग बांध फुटतो. भूल देणाऱ्याला हाच मोह होतो. औषध दिलं, स्नायू अजून सैल झाले नाहीत, म्हणजे कमी पडलं असेल, अजून दे. नाही. थांबायचं. औषध वाटेत आहे.

दुसरा फरक, आणि खरा फरक, औषध जाण्यात. पहिला डोस सत्तरीच्या माणसालाही किलोमागे जवळजवळ तिशीच्या माणसाइतकाच लागतो. पण रोक्युरोनियमसारख्या औषधाचा नेहमीचा डोस तरुण माणसात साधारण अर्धा तास पुरतो, तोच पासष्टीच्या पुढे पाऊण तास. आणि हे सरासरीचं बोलते आहे. माणसामाणसांत फरक इतका असतो की एखाद्या आजोबांमध्ये तास-सव्वा तास लागतो आणि एखाद्यात तरुणाइतकाच. यकृताकडे जाणारं रक्त वयाबरोबर कमी होतं. मूत्रपिंडाची गाळण्याची ताकद चाळिशीनंतर दर वर्षी मिनिटाला साधारण १ मिलिलिटरने घटते.

इथे एक गंमत बघा, गंमत म्हणजे धोकाच. आजींचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट ०.९ होता, नॉर्मल. पण क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं आणि आजींच्या अंगात स्नायू होते कुठे? कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं १९७६ सालचं एक सूत्र आहे, त्यात वय, वजन आणि क्रिएटिनिन घालायचं. तीस वर्षांची, साठ किलोची बाई, क्रिएटिनिन ०.९, तर मूत्रपिंडाची ताकद मिनिटाला अंदाजे ८७ मिलिलिटर. सत्तर वर्षांची, ४२ किलोची बाई, क्रिएटिनिन तेच ०.९, तर अंदाजे ३९. दोन्ही रिपोर्टांवर लॅबवाला 'नॉर्मल'च लिहिणार. वय खरं माहीत नसेल तर सूत्रही खोटंच उत्तर देणार.

तिसरा फरक मागच्या बाकीचा. किराणा दुकानात उधारीची वही असते ना, तशी. तरुण माणसात पुढचा डोस देईपर्यंत मागची बाकी बरीचशी फिटलेली असते. म्हाताऱ्यात फिटलेली नसते आणि तुम्ही वर नवी टाकता. चार-पाच डोसांनंतर बाकी केवढी झाली हे वरून दिसत नाही. का दिसत नाही? कारण त्या खाचांपैकी सत्तर-पंचाहत्तर टक्के भरेपर्यंत स्नायू ताकद कमी झाल्याचं दाखवतच नाही. म्हणजे पेशंट श्वास घेतो, हात हलवतो आणि तरी निम्म्याहून जास्त खाचा औषधाने अडलेल्या असू शकतात. श्वासाचा पडदा सगळ्यात चिवट, तो आधी सावरतो. घशाचे आणि गिळण्याचे स्नायू मागे राहतात. तरुण माणूस ते निभावून नेतो. म्हाताऱ्याचा ठसका आधीच कमजोर झालेला असतो. थुंकी, उलटी फुप्फुसात जाते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी न्यूमोनिया होतो. मग घरचे म्हणतात, ऑपरेशन चांगलं झालं, पण कफ झाला.

मी सगळा दोष वयावर टाकत नाही. त्या आजींचं अंग गार पडलेलं होतं, पोटात पू होता, अमिकॅसिनसारखं एक अँटिबायोटिकही दिलेलं होतं. या तिन्हींनी रिलॅक्सन्टचा असर वाढतो. पण वय खरं कळलं असतं तर मी घड्याळाच्या काट्यावर डोस दिले नसते एवढं नक्की.

मग उपाय काय? औषध बदलणं हा एक. अट्राक्युरियम आणि सिसअट्राक्युरियम ही औषधं बऱ्याच अंशी रक्तात आपोआप मोडतात. यकृत, मूत्रपिंडाच्या दारात त्यांना फारसं थांबावं लागत नाही, म्हणून म्हातारपणाचा त्यांच्यावर परिणाम कमी. फक्त ती फ्रीजमध्ये ठेवावी लागतात. दुसरा उपाय उतारा. निओस्टिग्मिन हा जुना उतारा औषध बाहेर काढत नाही, निरोपाचं रसायन वाढवतो, जेणेकरून उरलेल्या खाचांसाठी ते झगडू शकेल. पूर्ण असर यायला दहा मिनिटं लागतात आणि औषध फार शिल्लक असेल तर तो कमी पडतो. सुगामाडेक्स हा नवा उतारा रोक्युरोनियमच्या कणाला अक्षरशः वेढून टाकतो. महागडा आहे, पण चांगला आहे. त्यालाही वय चुकलेलं नाही : तरुणात दोन-सव्वादोन मिनिटांत काम होतं, पंचाहत्तरीच्या पुढे साडेतीन मिनिटांच्या आसपास लागतात. उतारासुद्धा रक्तावर स्वार होऊनच जाणार ना.

आणि तिसरा, माझ्या मते सगळ्यात मोठा, मोजणं. मनगटाजवळच्या नसेला अर्ध्या अर्ध्या सेकंदाने विजेचे चार छोटे टिचके द्यायचे आणि अंगठा किती हलतो ते बघायचं. औषध शिल्लक असेल तर पहिला टिचका जोरात, चौथा कमजोर. चौथा पहिल्याच्या किमान नव्वद टक्के झाला की नळी काढायची. हे तंत्र १९७० च्या सुमाराचं आहे, नवं काही नाही. अमेरिकेच्या भूलतज्ज्ञ संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये यंत्राने मोजून नव्वद टक्क्यांची खात्री करा असं स्पष्ट सांगितलं. पूर्वी आम्ही म्हणायचो, पेशंटने पाच सेकंद डोकं उचलून धरलं की झालं. मीही तसंच शिकले. पण औषध बऱ्यापैकी शिल्लक असतानाही पुष्कळ जण डोकं उचलतात. यंत्र सगळीकडे नाही, हे मी कबूल करते. जिथे नाही तिथे एकच करता येतं, म्हाताऱ्या पेशंटची नळी काढायची घाई करायची नाही. ऑपरेशन संपून तास झाला तरी आजोबांना बाहेर आणलं नाही तर नातेवाईक दार वाजवायला लागतात. कृपा करून वाजवू नका. तो तास आम्ही भाता चालू ठेवलेला असतो.

एवढं बोलून थांबते. प्रश्न विचारा.

(प्रश्नोत्तरांतून)

— मॅडम, आमच्या वडिलांचं खुब्याचं ऑपरेशन झालं, कमरेत सुई दिली होती. त्यात हे औषध असतं का?

नाही. कमरेत सुई देतात तेव्हा कमरेखालचा भाग नसांपाशीच बधिर होतो, श्वास पेशंट स्वतः घेतो. हे सगळं फक्त पूर्ण भुलीबद्दल चाललंय. म्हाताऱ्या माणसांमध्ये खुब्याला पुष्कळदा कमरेतली सुई निवडतात. पण पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन, आतड्याचं, मणक्याचं, अशा वेळी पूर्ण भूल आणि रिलॅक्सन्ट आलंच.

— फवारणी करणाऱ्या माणसाला याचा काही त्रास होतो का? कोणत्याही वयात?

फार चांगला प्रश्न. काही कीटकनाशकं अंगातलं एक एन्झाइम बंद पाडतात, आणि सक्सिनिलकोलीन मोडायला तेच एन्झाइम लागतं. एरवी पाच-दहा मिनिटांत उतरणारं औषध मग बराच वेळ टिकू शकतं. म्हणून गेल्या काही दिवसांत फवारणी केली असेल, त्या वेळी मळमळ, लाळ, डोळ्यांसमोर अंधारी असं काही झालं असेल, तर न लाजता सांगा. औषधाची बाटली नाही तर नाव तरी आणा.

— योजनेच्या कार्डावर एक वय आणि आम्ही तुम्हाला दुसरं सांगितलं, तर कागदात अडचण नाही का होणार?

ही भीती मी खूप जणांच्या तोंडून ऐकली आहे, त्यामुळे घरचे वय कार्डाप्रमाणेच सांगतात. कार्डावरचं वय कार्डावर राहू द्या. भूलतज्ज्ञ तपासायला येतो तेव्हा त्याला तोंडी सांगा की कागदावर अमुक आहे, पण खरं याच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी जास्त असेल. तो त्याच्या कागदावर 'अंदाजे' म्हणून लिहील. डोस त्या अंदाजावर ठरतो, कार्डावर नाही. आणि अंदाज कसा करायचा ते तुम्हाला आता माहीत आहे : दुष्काळ, थोरल्याचं लग्न, धाकट्याचा जन्म, धरणाचं काम. ज्या वर्षी जे झालं त्यावरून मागे मोजत जायचं. घरातलं कोणीही करू शकतं.

— (एक आजी) माझ्या डोळ्यांचं आपरेशन सांगितलंय. मला देत्याल का ह्ये?

नाही आजी. मोतीबिंदूला सहसा डोळ्यात थेंब टाकतात, नाही तर डोळ्याशेजारी सुई देतात, तुम्ही जाग्याच असता. कवळी असेल तर ती मात्र सांगा. वय किती तुमचं?

— कारडावर पासष्ट हाय.

बहात्तरला काय करत होता?

— खडी फोडीत व्हते. पोरगं झोळीत. सुकडी मिळायची.

मग पासष्ट कशा हो आजी, सत्तरी कधीच मागे पडली. उद्या तपासायला जाल तेव्हा डॉक्टरला हेच सांगा, जसं मला सांगितलंत तसं.